पंचनाम्यात न बसणारी जखम

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर महाडला कार्यकर्त्यांची एक बैठक झाली. दरडग्रस्त गावांच्या पुनर्वसनासंबंधी तहसीलदारांना द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा तीत वाचण्यात आला. घरांची अपुरी कामे, पाण्याची सोय, रस्ता, शेतजमिनीचा प्रश्न अशा चार मागण्या होत्या आणि चारही योग्य होत्या. मी पाचवी सुचवली : तळीये, साखर-सुतारवाडी, केवनाळे या गावांतील वाचलेल्या माणसांच्या मानसिक आरोग्यासाठी तालुक्यात कायम व्यवस्था असावी, आणि रात्री-अपरात्री कोणाचा धीर सुटला तर त्याला कोठे न्यावयाचे हे ठरलेले असावे. यावर एक तरुण साथी म्हणाले, "सर, आधी घर होऊ दे. मनाचं मग पाहू." दुसरे एक ज्येष्ठ साथी, ज्यांच्या निष्ठेविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, नुसते हसले आणि म्हणाले, "ही मुंबईकरांची चोचली. आमचा कोकणी माणूस रडत बसत नाही." मागणी वगळण्यात आली. बैठकीत मी वाद वाढवला नाही. पण मौनाने सहमती सूचित होते, आणि मी सहमत नाही. म्हणून हा लेख.

प्रथम घटना आठवू. 22 जुलै 2021 रोजी दुपार कलल्यावर महाड तालुक्यातील तळीये गावाच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर कोसळला. वरंध घाटाच्या अंगाला असलेली ही वस्ती. त्याच दिवशी सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले होते, रस्ते तुटले होते, वीज आणि दूरध्वनी बंद होते. पहिले हात पोहोचले ते आसपासच्या गावकऱ्यांचे. शासनाची यंत्रणा पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यांतील अनेकांचे देह मिळालेच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला आणि बेपत्ता माणसांना मृत समजण्यात आले. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडी पडून माणसे दगावली.

ज्याच्या घरातले माणूस मातीखाली आहे आणि ती माती यापुढे कोणी उकरणार नाही असे ज्याला सांगितले गेले आहे, त्याच्या दुःखाची जात निराळी असते. प्रेत दिसले नाही, खांदा देता आला नाही, दहाव्याला कावळा शिवण्याची वाट पाहायची ती कोणत्या खात्रीवर, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. आपण पुरोगामी मंडळी कर्मकांडाला हसतो. पण कर्मकांड जे काम करीत होते ते करणारे दुसरे काही आपण त्या माणसाच्या हाती दिलेले नाही. शिवाय तळीयेसारख्या गावांची अर्थव्यवस्था पिढ्यानपिढ्या मनीऑर्डरवर चाललेली. कर्ती माणसे मुंबई-पुण्याकडे, म्हातारी आणि लेकरे गावात. दरडीच्या दिवशी जो चाकरीच्या ठिकाणी होता तो वाचला. वाचला म्हणजे काय झाले? "मी तेथे का नव्हतो" या प्रश्नाची शिक्षा तो रोज भोगतो. ही शिक्षा कोणत्याही न्यायालयाने दिलेली नाही, त्यामुळे तिला माफीही नाही.

आता शासनाचा हिशेब पाहू. अर्थशास्त्राच्या मास्तराला जमाखर्च वाचण्याची खोड असते. मी आपत्ती निवारण निधीचे 2022 ते 2026 या काळासाठीचे निकष ओळीने वाचले आहेत. माणूस मेला तर चार लाख रुपये. चाळीस ते साठ टक्के अपंगत्व आले तर चौऱ्याहत्तर हजार. साठ टक्क्यांवर गेले तर अडीच लाख. आठवड्याहून अधिक रुग्णालयात राहावे लागले तर सोळा हजार. दुभती म्हैस गेली तर साडेसदतीस हजार. शेळी गेली तर चार हजार. होडी, जाळे, हातमाग, गोठा, प्रत्येकाचा दर आहे, आणि तो असावा. शेळी ही गरीब बाईची बँक असते. परंतु जी बाई वाचली, जिला पाऊस सुरू झाला की श्वास घेता येत नाही, जी चार वर्षांनंतरही रात्री उठून झोपलेल्या मुलाच्या नाकापुढे हात धरून पाहते, तिच्या दुखापतीसाठी एकही दर मला त्या तक्त्यात आढळला नाही. तलाठी पंचनाम्याला येतो, भिंती मोजतो, भांडी मोजतो, गुरे मोजतो. मनाचा रकाना त्याच्या कागदावर नाही, म्हणून ते नुकसान झालेलेच नाही! शासनाच्या लेखी जे मोजले जात नाही ते अस्तित्वात नसते. आपण जन्मभर या वृत्तीशी भांडत आलो आणि निवेदन लिहिताना मात्र शासनाचाच रकाना प्रमाण मानला.

यावर कोणी म्हणेल, शासनाला हे माहीत नसावे. तेही खरे नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने डिसेंबर 2009 मध्ये आपत्तीतील मानसिक-सामाजिक आधार आणि मानसिक आरोग्यसेवा यांवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तळीयेच्या आधी साडेअकरा वर्षे! आणि त्यामागे शिकवण होती ती भोपाळची. डिसेंबर 1984 मध्ये वायू सुटला तेव्हा मध्य प्रदेशच्या पाच वैद्यकीय महाविद्यालयांत मिळून मानसोपचाराचा एकही अध्यापक नव्हता. दोन महिने उलटल्यावर तज्ज्ञांचे पथक आले. त्यांना जे आढळले त्यावरून एक साधा उपाय निघाला, तो असा की, तज्ज्ञ पुरणार नाहीत, म्हणून दवाखान्यांतील साध्या डॉक्टरांनाच थोड्या अवधीत शिकवून कामाला लावावे. लातूर-उस्मानाबादचा 1993 चा भूकंप, 2001 चा भूज, 2004 ची त्सुनामी, सर्वांतून हीच शिकवण अधिक पक्की होत गेली. रायगड जिल्ह्याला तर शिकवणीची वेगळी गरजच नव्हती. जुलै 2005 मध्ये याच महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली होती. 2014 मध्ये शेजारच्या पुणे जिल्ह्यात माळीण झाले. 2021 मध्ये तळीये झाले. 2023 च्या जुलैत आमच्याच जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडी झाली. अपघात एकदा होतो. जे दर काही वर्षांनी त्याच डोंगररांगेत, त्याच महिन्यात, त्याच थरातील माणसांच्या वाट्याला येते त्याला अपघात म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे.

डोंगर का पडतात, याविषयी 2011 च्या माधव गाडगीळ समितीच्या अहवालाचे काय झाले हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. तो विषय येथे वाढवीत नाही.

मग शासनाने काय केले? शासनाने एक क्रमांक दिला. 10 ऑक्टोबर 2022 रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनाचा मुहूर्त साधून, 'टेली-मानस' नावाची दूरध्वनी सेवा सुरू झाली. 14416 हा तिचा क्रमांक. अहोरात्र चालते, मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत. तिची चेष्टा करणे मला मान्य नाही. पहिल्या दोनच वर्षांत दहा लाखांहून अधिक लोकांनी तिच्यावर फोन केले. म्हणजे मागणी किती तुंबली होती ते दिसते. प्रत्येक कार्यकर्त्याच्या वहीत हा क्रमांक पहिल्या पानावर हवा. पण क्रमांक म्हणजे सेवा नव्हे. क्रमांक हा सेवेचा दरवाजा आहे. दरवाजामागे घर नसेल तर तो नुसता चौकटीत उभा राहतो, जसे नाटकात असते. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीत पावसाळी रात्री फोनला रेंज असेल, वीज असेल, फोन घरातल्या बाईच्या हातात असेल, ती अनोळखी माणसाशी आपल्या मनातले बोलू शकेल, आणि पलीकडच्या व्यक्तीने "ताई, उद्या डॉक्टरांना दाखवा" असे सांगितले तर तो डॉक्टर तिला गाठता येईल, या पाच अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. पहिल्या चार कशाबशा जुळतात. पाचवी जुळत नाही.

राज्याची जुनी चार मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. जिल्हा रुग्णालय अलिबागला, महाडपासून शंभरेक किलोमीटरवर. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून देशात चालू आहे, त्याआधीचा राष्ट्रीय कार्यक्रम 1982 चा. म्हणजे कागदाचे वय चाळिशीच्या पुढे गेले. देशात लाख लोकवस्तीमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पडत नाही, आणि जे आहेत त्यांतील बहुतेक शहरांत आहेत. ज्या निष्णातांना आपण सरकारी महाविद्यालयांत लोकांच्या पैशाने शिकवले ते मोठ्या शहरांत घटकेला हजार-पंधराशे रुपये घेतात. रोजगार हमीची 2025-26 ची महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला 312 रुपये होती. एका भेटीसाठी चार-पाच दिवसांची मजुरी, शिवाय एस.टी.चे भाडे आणि बुडालेला रोज. बाजारवाले अर्थशास्त्रज्ञ यावर म्हणतील, ग्रामीण भागात मानसोपचाराला मागणीच नाही. केन्सने शिकवलेला एक साधा भेद ते विसरतात. खिशात पैसा असलेल्याची गरज ही 'प्रभावी मागणी' ठरते. खिसा रिकामा असेल तर तीच गरज नुसता हुंदका ठरते, आणि हुंदका बाजाराच्या आकडेवारीत येत नाही.

केंद्राच्या 2024-25 च्या अंदाजपत्रकात मानसिक आरोग्यासाठी म्हणून थेट दाखवलेली रक्कम सुमारे एक हजार कोटी होती. आरोग्य खात्याच्या एकूण तरतुदीच्या ती साधारण एक टक्का भरते. त्यातही साडेआठशे कोटी बंगळूरच्या निमहान्स या एका संस्थेला. संस्था उत्तम आहे, तिला पैसा मिळावा. पण देशभराच्या दूरध्वनी सेवेला नव्वद कोटी, आणि तेही आदल्या वर्षीच्या तरतुदीपेक्षा कमी, हे काय आहे? ज्या सेवेवर फोन वाढत जातात तिचा पैसा कमी होत जातो. यालाच आपले राज्यकर्ते 'डिजिटल क्रांती' म्हणतात.

आता आपल्या साथींच्या आक्षेपाकडे येतो, कारण माझे खरे भांडण शासनाशी नाही, त्यांच्याशी आहे. शासन आपले वर्गचरित्र पाळते आहे. आपण का चुकावे?

पहिला आक्षेप असा की, मनाच्या प्रश्नाची चर्चा म्हणजे आर्थिक प्रश्नाला बगल. यात सत्याचा अंश आहे, आणि तो मी प्रामाणिकपणे मांडतो. दरडीनंतर छावणीत माणसे येतात, लेकरांना रंगपेट्या वाटतात, चित्रे काढायला लावतात, फॉर्म भरून घेतात, फोटो काढतात आणि चौथ्या दिवशी निघून जातात. पुन्हा त्या लेकराला कोणी विचारीत नाही. अशा उपचाराने उपकारापेक्षा अपकार अधिक होतो. तसेच ज्याची जमीन गेली त्याला 'सकारात्मक विचार करा' असे सांगणे हा सरळसरळ निर्लज्जपणा आहे. तळीयेच्या लोकांना पक्की घरे मिळण्यापूर्वी पत्र्याच्या कंटेनरांत वर्षे काढावी लागली. ज्याने डोंगराचा आवाज ऐकला आहे त्याला पत्र्यावरच्या आषाढाच्या पावसाखाली झोपवणे, आणि मग त्याच्याकडे समुपदेशक पाठवणे, हा कोणता न्याय? घराला झालेला विलंब हीच मनावर केलेली दुसरी दुखापत आहे, आणि ती निसर्गाने केलेली नाही. इथपर्यंत मी साथींबरोबर आहे.

परंतु यावरून निष्कर्ष उलटा निघतो. घर आणि मन हे दोन प्रश्न नाहीतच. ज्याला झोप नाही, ज्याचे चित्त थाऱ्यावर नाही, तो तहसील कचेरीत सोळाव्या वेळी हेलपाटा घालील कसा? वारसाचा दाखला, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचे खाते, प्रत्येक कागदासाठी त्याला आपल्या मृत माणसांची नावे पुन्हापुन्हा उच्चारावी लागतात, आणि समोरचा कारकून मान वर न करता विचारतो, "नाते काय?" कित्येक माणसे हक्काची रक्कम सोडून देतात ती अज्ञानामुळे नव्हे. त्यांच्याने ते होत नाही. आपण त्याला 'लोकांची उदासीनता' म्हणून अहवालात नोंदवतो. दुसरीकडे दारूचा धंदा हा प्रश्न फार पूर्वी ओळखून बसलेला आहे. दरडीनंतर मन बधिर करण्याची सोय त्यानेच वाडीपर्यंत पोहोचवली आणि कर्जावर पोहोचवली.

दुसरा आक्षेप : हा श्रीमंतांचा रोग. आकडे पाहावेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी 1,70,924 माणसांनी आपले जीवन संपवले. त्यांतील चौथ्या हिश्शाहून अधिक, म्हणजे 26.4 टक्के, रोजंदारीवर काम करणारे होते. राज्यवार यादीत महाराष्ट्र पहिला, 22,746. प्रगत, पुरोगामी, शाहू-फुले-आंबेडकरांचे नाव घेणारा महाराष्ट्र. हा श्रीमंतांचा रोग असेल तर तो मजुरांच्या वस्तीत इतका कसा हो पसरला?

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तो सर्वांत खोल आहे. कार्यकर्त्याने खचायचे नसते. या समजुतीविषयी मला आपल्याच इतिहासातील एक गोष्ट नाइलाजाने आठवून द्यावी लागते. 11 जून 1950 रोजी साने गुरुजींनी स्वतःचे जीवन संपवले. कोकणात, याच मुलखाला लागून असलेल्या पालगडचा हा माणूस. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्याने प्राण पणाला लावले होते. त्या दिवसांत त्यांच्या मनात काय होते याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, त्यात मला भर घालायची नाही. कशाने काय टळले असते हेही मी सांगू शकत नाही, आणि सांगतो म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. माझा मुद्दा आपल्याविषयी आहे. आपण त्यांच्या जयंत्या केल्या, त्यांच्या हळवेपणाचे कौतुक केले, पण इतक्या मोठ्या आघातानंतरही आपल्या चळवळीत एक साधी पद्धत निर्माण केली नाही की, साथी खचला असे दिसले तर त्याच्याजवळ कोणी बसावे, त्याला काय विचारावे, कोठे न्यावे. आपण हळवेपणाला देव्हाऱ्यात बसवले आणि हळव्या माणसाला एकटे सोडले.

मी स्वतः काही निराळा नव्हतो. निवृत्तीनंतरची गोष्ट. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी राहत होतो. रात्री दहाच्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी दारात आला. धंदा बुडालेला, देणेकरी मागे लागलेले. म्हणाला, "सर, आता जगावंसं वाटत नाही." मी काय केले? मी त्याला व्याख्यान दिले. भांडवली व्यवस्थेत छोट्या धंदेवाल्याची कोंडी कशी अटळ असते, हे त्याचे वैयक्तिक अपयश नव्हे, त्याने आंदोलनात यावे, असे पाऊण तास सांगितले. ते सर्व खरे होते, आणि त्या रात्री त्याचा काडीचा उपयोग नव्हता. माझ्या पत्नीने मधेच येऊन त्याला सरळ विचारले, "जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार आहे का तुझ्या मनात?" तो ढसढसा रडला. तिने त्याला भात वाढला आणि मला गाडी पाहायला पाठवले. जवळच्या सरकारी रुग्णालयात नेले तेव्हा ड्युटीवरचा तरुण डॉक्टर थकलेला होता. म्हणाला, तज्ज्ञ महिन्यातून एकदा येतात, आत्ता यांना काही झालेले नाही, उगाच पोलिसांना कळवावे लागेल, घरी न्या. आम्ही भाड्याच्या जीपने रात्रभर प्रवास करून त्याला मोठ्या शहरात नेले. आज तो बरा आहे, त्याची मुलगी कॉलेजात शिकते. त्या डॉक्टरवर माझा राग नाही. त्याला कोणी शिकवलेच नव्हते. राग आहे तो या गोष्टीवर की, मी पदव्युत्तर वर्गांना कल्याणकारी अर्थशास्त्र शिकवत होतो आणि मलाही माझा कायदा माहीत नव्हता.

तो कायदा आता सांगतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चा, 29 मे 2018 पासून तो अमलात आहे. कलम 18 प्रमाणे शासकीय किंवा शासनाच्या पैशाने चालणाऱ्या केंद्रात मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. ही मेहेरबानी नव्हे. जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसेल तर माणसाने जिल्ह्यातील दुसरी सेवा घ्यावी आणि तिचा खर्च शासनाने भरून द्यावा, इतके त्यात लिहिले आहे. कलम 94 प्रमाणे आणीबाणीच्या प्रसंगी, म्हणजे जिवाला धोका असेल तेव्हा, कोणताही नोंदणीकृत डॉक्टर बहात्तर तासांपर्यंत तातडीचा उपचार देऊ शकतो. त्यासाठी नातेवाइकाची किंवा प्रतिनिधीची संमती मिळवावी लागते, ते हजर असतील तर. म्हणजे "तज्ज्ञ नाहीत" हे माणसाला परत पाठवण्याचे कारण होऊ शकत नाही. कलम 115 प्रमाणे ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायचे, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, शिक्षा करायची नाही. उलट त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनाचे. 1 जुलै 2024 पासून नवी न्यायसंहिता आली तेव्हा जुन्या दंडविधानातले ते 309 वे कलमच गळाले. सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी तसा प्रयत्न करणे एवढाच गुन्हा उरला आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणी माणसाला घरी दडवून ठेवीत असेल तर त्याला हे समजावून सांगणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. आणि कलम 31 सांगते की, लोकसंख्येच्या प्रमाणात पुरेसे मानसिक आरोग्य कर्मचारी दहा वर्षांत उपलब्ध करावेत. ही मुदत मे 2028 मध्ये संपते. शासनाला तिची आठवण आहे असे एकही चिन्ह मला महाड-पोलादपुरात दिसले नाही.

कोणी म्हणेल, कायदे असेच असतात, कागदावर. 1972 च्या दुष्काळात 'मागेल त्याला काम' हेही अनेकांना कागदी वाटत होते. खडी फोडणाऱ्या बायांनी मोर्चे काढले, आपल्या आणि इतर डाव्या पक्षांनी ते लढवले, आणि 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने केला. भुकेचा प्रश्न दयेच्या खात्यातून हक्काच्या खात्यात नेण्याचे काम आपल्या पिढीने पाहिले आहे. येथे तर कायदा आधीच झालेला आहे आणि मोर्चा निघालेला नाही. गाडी उलटी उभी आहे.

होऊ शकते का, असे विचारणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. 2018 च्या पुरात तेथे मानसिक आधाराची व्यवस्था आरोग्य खात्याने मदतकार्याबरोबरच उभी केली. जुलै 2024 मध्ये वायनाडच्या दरडीनंतर शंभराहून अधिक माणसांचे मानसिक आरोग्य पथक छावण्यांत कामाला लागले. ते शक्य झाले कारण जिल्हा पातळीवरची यंत्रणा आपत्तीच्या आधीपासून उभी होती. आपत्तीच्या दिवशी नवे काही जन्माला येत नाही. जे आधीपासून आहे तेच धावते. आपल्याकडेही काहीच नाही असे नव्हे. विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' शासनाने चालवला, त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेली माणसे हेरायची अशी योजना होती. नाशिक जिल्ह्यातील काही गावांत 'आत्मीयता' नावाचा उपक्रम झाला, गावातल्याच माणसांना ऐकून घेण्याचे शिक्षण देऊन. गोव्यात 'संगाथ' संस्थेने साध्या, वैद्यकीय पदवी नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशन यशस्वी होते हे शास्त्रीय कसोटीवर दाखवले. रायगडातली डोंगरी गावे या यादीत का नसावीत?

येथे आशाताईंविषयी एक वाक्य लिहिल्यावाचून राहवत नाही. प्रत्येक नवी योजना त्यांच्याच गळ्यात बांधायची आणि त्यांना कर्मचारी मात्र म्हणायचे नाही, 'स्वयंसेविका' म्हणायचे, पगार नव्हे मानधन द्यायचे, ही शासनाची चतुराई आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 2024 मध्ये त्या संपावर गेल्या त्या उगीच नव्हे. दरडग्रस्त वाडीतील घराघरातले दुःख ऐकण्याचे काम त्यांना द्यायचे असेल तर त्याचा वेगळा मोबदला, वेगळे शिक्षण, आणि त्यांचे स्वतःचे दुःख ऐकणारे कोणीतरी, या तीन गोष्टी मागणीत आल्या पाहिजेत. नाहीतर आपण एका शोषणावर दुसऱ्याचा उतारा शोधला असे होईल.

मोर्चा निघेल तेव्हा निघेल. आज रात्रीच कोणी तुमच्या दारात उभे राहिले तर? व्याख्यान देऊ नका. माझ्या पत्नीने विचारले तसे सरळ विचारा. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येतो ही अंधश्रद्धा आहे. विचारल्याने माणसाला बोलता येते. त्याला एकटे सोडू नका, जिवाला अपाय होईल असे जे काही हाताशी असेल ते दूर करा, रात्र कोणाच्या तरी सोबतीने जाईल असे पाहा. 14416 वर फोन लावून स्वतः त्याच्या शेजारी बसा, कारण पहिले वाक्य उच्चारणे हेच सर्वांत कठीण असते. धोका लगेचचा वाटला तर 108 ची रुग्णवाहिका किंवा 112 वर मदत मागा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. तेथे "तज्ज्ञ नाहीत" असे उत्तर मिळाले तर कलम 94 चे नाव घ्या, शांतपणे घ्या, डॉक्टर बहुधा आपल्याइतकाच असहाय असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. आठव्या दिवशी पुन्हा जा. 22 जुलैच्या आसपास, पहिल्या मोठ्या पावसात, गणपतीत, जेव्हा घरात रिकामी जागा अधिक दिसते, तेव्हा बोलावण्याची वाट न पाहता जा. गुडघ्याला मार लागलेल्या साथीची आपण विचारपूस करतोच की.

निवेदन अजून दिले गेलेले नाही, असे मला कळते. पाचवी मागणी त्यात घालावी असा माझा आग्रह कायम आहे, आणि तिचे शब्द असे असावेत : महाड आणि पोलादपूर येथील सरकारी रुग्णालयांत आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ आणि रोज प्रशिक्षित समुपदेशक असावा. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना पावसाळ्यापूर्वी शिक्षण मिळावे. दरडग्रस्त गावांतील प्रत्येक घराची विचारपूस किमान पाच वर्षे चालू राहावी, आणि ज्यांनी खाजगी उपचार घेतले त्यांना कलम 18 प्रमाणे खर्च मिळावा. बैठकीने हे पुन्हा वगळले तर मी स्वतंत्रपणे देईन.

तोवर माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. 22 जुलै 2021 नंतर तळीये, साखर-सुतारवाडी आणि केवनाळे येथे मानसिक आरोग्य पथक किती वेळा गेले, कोणत्या तारखांना गेले, किती माणसांना भेटले आणि शेवटचे केव्हा गेले, एवढेच त्यात विचारले आहे. दहा रुपयांचे तिकीट लावायचे आहे. अर्जावर सही करण्यासाठी त्या गावांतील कोणी पुढे आले तर माझ्या नावापेक्षा त्यांचे नाव अधिक शोभेल. सोमवारच्या पहिल्या एस.टी.ने मी महाडला येतो आहे.